हेडफोनचा मान

१

शीलाबाई टिपणीसांच्या वर्गात पहिल्यांदा पाऊल टाकणारा डोळस माणूस हमखास एकच प्रश्न विचारायचा. "हे बिघडलंय का?"

बाई या प्रश्नाची वाटच बघत असायच्या. त्यांचा संगणक त्यांना सगळं वाचून दाखवायचा, पण अशा वेगाने की नव्या माणसाला ती भाषाच वाटू नये. फोडणीत मोहरी तडतडावी तसा नुसता आवाज. त्या तडतडीत बाईंचं सकाळचं वर्तमानपत्र वाचून झालेलं असायचं आणि दोन पत्रांना उत्तरंही गेलेली असायची.

"बिघडलेलं नाही हो," त्या म्हणायच्या. "तुमचे कान अजून शाळेत गेलेले नाहीत."

एवढं बोलून त्या मान अंमळ वर करून बसायच्या. जन्मापासून दिसत नसलेल्या बाईने इतका तोरा मिरवावा, हे काहींना खुपायचं. खुपू दे. लोक त्यांना खुर्च्या विणायला बसवायला निघाले होते, तेव्हा त्या हट्टाने टेलिफोन ऑपरेटर झाल्या. ते बोर्ड भंगारात गेल्यावर चाळिशी उलटताना बोलणारा संगणक शिकल्या, आणि मग इतरांना शिकवू लागल्या. तोरा त्यांनी रीतसर कमावलेला होता.

वर्ग ठाणे पूर्वेला, कोपरीत, एका लहानशा संस्थेच्या पहिल्या मजल्यावर भरायचा. खिडकीतून स्टेशनवरच्या सूचना ऐकू यायच्या, आणि दुपारी वारा फिरला की खाडीचा वास यायचा. भिंतीलगत ओळीने संगणकांची मशीनं मांडलेली होती आणि त्यांतल्या एकालाही पडदा नव्हता. पडदे बाईंनीच काढायला लावले होते. "बघणार कोण आहे इथे? तेवढीच टेबलावर डबा ठेवायला जागा होईल," असं त्यांनी संस्थेच्या लोकांना सांगितलं होतं, आणि ते ऐकून त्यांचा झालेला चेहरा आपल्याला दिसला नाही, एवढीच त्यांना खंत होती.

वर्गाची आणखी एक रीत होती. नवा विद्यार्थी स्पीकरवर शिकायचा. दाबलेलं प्रत्येक अक्षर मशीन मोठ्याने बोलून दाखवायचं, त्यामुळे त्याची प्रत्येक चूक बाईंना खोलीच्या दुसऱ्या टोकालाही कळायची. बोटं तयार झाली की एके दिवशी बाई स्वतः उठायच्या, त्याच्या मशीनला हेडफोन जोडायच्या आणि त्याच्या डोक्यावर चढवायच्या. झाकायचा एकच कान, दुसरा जगासाठी मोकळा. त्या दिवशी पेढे वाटले जायचे. त्यानंतर त्याचं लिहिणं फक्त त्याचं. बाई पुन्हा कधी ते ऐकायच्या नाहीत.

हा मान सगळ्यांत कमी दिवसांत मिळवला तो सबीनाने. ती कोलशेतच्या गावठाणातली, खाडीत होडी घालणाऱ्या पप्पांची एकुलती एक. आठवी-नववीत ताप आला आणि डोळे घेऊन गेला. आता तिशीला टेकली होती, आणि तिच्या कीबोर्डचा खळखळाट ऐकला की बाईंना आपलं म्हातारपण सोसवायचं. बाईंचे गुडघे आता जिना मानत नव्हते. वर्ग सबीनाने चालवायचा, हे त्यांनी मनात कधीच ठरवून टाकलं होतं.

संस्थेचं मात्र ठरलं नव्हतं. शुक्रवारी समितीचे लोक येऊन सबीना कशी शिकवते ते बघणार होते. त्यांतल्या एका गृहस्थांना ती खोली योगासनांसाठी हवी होती. शुक्रवारी सबीनाची बोटं अडखळली असती तर वर्ग बंद झाला असता. बोटं अडखळण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून बाई निवांत होत्या.

२

सोमवारी सकाळी बाई आपल्या टेबलाशी बसल्या होत्या. दाराजवळच्या मशीनवर धाकूमामा एका बोटाने झगडत होते. मामांचं आयुष्य मिठागरात गेलं, आणि मधुमेहाने म्हातारपणी डोळे गेले. परगावी शिकणाऱ्या नातीचे मेसेज शेजाऱ्याकडून वाचून घ्यावे लागतात, हा त्यांचा मोठा सल होता.

"पोर आज्याला काय लिवते ता शेजाऱ्याला कशाला कलाया पायजे, बाय?" असं म्हणून त्यांनी वर्गात नाव घातलं होतं.

तेवढ्यात आतल्या कोपऱ्यातून आवाज आला. "एफ. जे. एफ. जे."

हा प्रत्येकाचा पहिला धडा. कीबोर्डवर या दोन बटणांना बारीक उंचवटे असतात. बोटांनी ते चाचपायचे, म्हणजे बाकीची सगळी बटणं आपोआप जागेवर येतात. आंधळ्याचं घर तिथून सुरू होतं, असं बाई सांगायच्या. कोपऱ्यातलं बोट अगदीच नवं होतं. एफवरून घसरून डीवर जात होतं, थांबत होतं, परत येत होतं.

"मामा, तळहात वर उचला," बाई म्हणाल्या. "आणि अंगठा खाली आडव्या बटणावर ठेवा. स्पेस म्हणतात त्याला."

"ठेवलाय की, बाय."

मामांचं उत्तर दाराजवळून आलं.

कोपऱ्यातून, त्यानंतर, सावकाश आवाज आला. "स्पेस."

बाईंनी आपल्या मशीनवरचा हात काढून घेतला. खोलीत त्या, मामा आणि खिडकीपाशी हेडफोन लावून बसलेली सबीना, एवढीच माणसं होती. सबीनाचा खळखळाट चालूच होता. कोपऱ्यातली खुर्ची पाय मोडल्यापासून कुणी वापरत नव्हतं.

"मामा, तुम्हाला ऐकू आलं?"

"काय ता? कोपऱ्यानचा पोरगा? नवीन आयलाय ना?"

३

बाईंच्या डोक्यात भुताखेतांना कधी जागा नव्हती. आवाजाला कारण असतं. कुठेतरी वायरी गुंतल्या असतील, नाहीतर खालच्या मजल्यावर कुणाचा बिनवायरचा कीबोर्ड असेल आणि तो चुकून इथल्या मशीनशी जोडला गेला असेल. असं मागे एकदा झालंही होतं. तेव्हा कुणाचं तरी लग्नाचं आमंत्रण या वर्गात वाचलं गेलं होतं.

त्यांनी संस्थेच्या कचेरीतल्या ऐश्वर्याला हाक मारली. ऐश्वर्या डोंबिवलीहून यायची. पोरगी चटपटीत होती आणि तिची नजर चांगली होती.

"कोपऱ्यातलं मशीन जरा बघतेस का गं? चालू राहिलंय वाटतं."

चपला आत गेल्या, थांबल्या, वाकल्याचा आवाज झाला.

"मॅडम, हे तर बंदच आहे. प्लगपण काढलेला आहे. मीच काढलेला ना, भंगारात द्यायचं म्हणून."

"आणि स्पीकर?"

"त्याची वायर गुंडाळून ठेवलीय." तिने टेबलावरून बोट फिरवलं. "धूळ किती बसलीय बघा. म्हणजे, सॉरी मॅडम."

"असू दे."

"सगळ्या कीबोर्डवर धूळ आहे, पण मधली दोन बटणं एकदम चकाचक आहेत. आणि खालचं ते लांब आहे ना, तेपण. कोणी पुसलं काय?"

कुठली दोन, ते बाईंनी विचारलं नाही.

"मीच पुसली असतील," त्या म्हणाल्या. ऐश्वर्या निघून गेली.

खरं तर तिला तिथेच सगळं सांगता आलं असतं. पण सांगायचं काय? प्लग नसलेलं मशीन बोलतं, आणि ते मी ऐकलं? दुपारपर्यंत ते समितीच्या कानांवर गेलं असतं. बाईंना आता भास होतात, असं एकाने म्हटलं असतं, आणि दुसऱ्याने वर्ग कसा आटोपता येईल ते बघितलं असतं. मामांनी ऐकलं खरं, पण मामांना नवीन पोरगा आला असंच वाटत होतं. डोळ्यांविना आयुष्य काढलेल्या बाईने सगळं आयुष्य कानांवर उभं केलं होतं. त्या कानांविषयी कुणी शंका घ्यावी, हे त्यांना मरणाहून वाईट वाटत होतं. त्यांनी पुन्हा आपल्या मशीनवर हात ठेवला.

४

दुपारी मामा जेवायला घरी जायचे, सबीना खाली चहाला जायची. बाई खोलीतच डबा खायच्या. त्या दुपारी डबा तसाच राहिला.

"एफ. जे. एफ. जे. स्पेस."

बाईंनी लक्ष देऊन ऐकलं. त्या आवाजात काहीतरी कमी होतं, आणि काय ते कळायला त्यांना बराच वेळ लागला. बटण दाबल्याचा खटका येत नव्हता. बोटाचा, नखाचा, खुर्चीच्या मोडक्या पायाचा, कशाचाच आवाज नव्हता. नुसतं अक्षर बोललं जात होतं.

अंगावर काटा आला, हे त्यांनी स्वतःशी कबूल केलं. पण त्याच वेळी कोपऱ्यातलं बोट एफवरून घसरलं आणि मुकाट्याने परत आलं. तीस वर्षांची शिकवायची सवय काही काट्याला जुमानत नाही.

"मनगट टेकवू नकोस," बाई म्हणाल्या. "बोटं सैल ठेव. घाई कुणाला आहे?"

मग पुन्हा एफ, जे, आणि या वेळी एकही चूक नाही.

"शाब्बास."

मशीनने तीच ओळ पुन्हा म्हटली. पुन्हा. आणखी एकदा. लहान मूल शाबासकी मिळाली की तीच उडी परत परत मारून दाखवतं, तसं. बाईंना हसू आलं आणि मग आपण हसलो याची भीती वाटली.

पुढच्या दोन दुपारींत ते इतकं भरभर शिकलं की बाई थक्क झाल्या. सांगितलेलं एकदाच सांगावं लागायचं. चुकलं तर ते चुकलेलं अक्षर खोडायचं आणि पुढे जाण्याआधी थांबायचं, बाई काय म्हणतात याची वाट बघायचं. असा विद्यार्थी मिळावा म्हणून शिक्षक देव पाण्यात घालून बसतात. ते काय आहे हा प्रश्न बाईंच्या मनात यायचा नाही असं नाही. पण तो रात्री घरी गेल्यावर यायचा, आणि दुपार झाली की पुन्हा शिकवण्याचा कैफ चढायचा. हे त्यांनी कुणालाही सांगितलं नसतं, पण त्यांना अभिमान वाटत होता.

बुधवारी दुपारी त्यांनी वर्गाचा पुढचा धडा घेतला. इथे प्रत्येक जण पहिल्यांदा आपलं नाव लिहितो.

"नाव लिही तुझं."

कोपरा गप्प.

"नाव लिही की. लाजतोस कशाला?"

काहीच नाही. खिडकीतून स्टेशनवरची सूचना आली आणि विरली. त्याला नावच नसावं, हे बाईंच्या ध्यानात आलं. नाव नसलेल्या विद्यार्थ्यावर इतकी माया कशी बसली, हे त्यांनाही कळेना. तो अवघड क्षण टाळायला त्या चटकन बोलून गेल्या.

"बरं, राहू दे. दुसऱ्या कुणाचं लिही. सबीनाचं लिही. ती माझी सगळ्यांत हुशार आहे."

कोपऱ्यातून लगेच आवाज आला. एक अक्षर इकडेतिकडे नाही, मध्ये थांबणं नाही.

"स. ब. वेलांटी. न. काना."

बाईंचा ऊर भरून आला. आतापर्यंत कुणीही तिसऱ्या दिवशी एवढं लिहिलं नव्हतं, सबीनानेसुद्धा नाही. त्या उठल्या, कपाटातून हेडफोन काढला, भिंत धरत धरत कोपऱ्यात गेल्या. प्लग नसलेल्या मशीनच्या भोकात त्यांनी हेडफोनची पिन खोचली आणि हेडफोन खुर्चीच्या पाठीवर, माणसाचं डोकं असतं साधारण त्या उंचीवर धरला. धरला, आणि सोडला.

तो खाली पडल्याचा आवाज आला नाही.

५

हेडफोन दिला, म्हणजे आता त्याचं लिहिणं ऐकू येणार नाही. ही रीत स्वतः बाईंची, आणि ती त्यांना आठवली ती घरी पोचल्यावर, ताटावर बसल्यानंतर. घास हातातच राहिला.

गुरुवारी सकाळी वर्गात गेल्या तेव्हा कोपरा शांत होता. मामा दाराजवळ आपल्या नातीला 'जेवलीस काय' लिहीत होते. सबीना खिडकीशी होती, पण तिचा खळखळाट येत नव्हता. एक खटका. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा खटका.

"सबीना, बरं नाही का?"

"काय नाय, टीचर. रात्री झोप नाय झाली. पप्पांना खोकला आहे."

बाई तिच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. वर्गाची रीत त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मोडली, आणि तिच्या हेडफोनला कान लावला. मशीन बोलत होतं ते इतक्या सावकाश, की मामांनाही कंटाळा आला असता. सबीनाने वेग अगदी खाली, पहिल्या दिवसाच्या पातळीवर आणून ठेवला होता.

"इतकं हळू कशाला गं?"

"कळत नाय, टीचर. कालपासून भराभर ऐकलं की नुसती तडतड वाटते." तिचा आवाज बारीक झाला. बाईंसारखीच मानी पोरगी ती, एवढं सांगायला तिला किती जड गेलं असेल ते बाईंना कळलं. "आणि टीचर… जे कुठे आहे?"

बाईंनी तिचा हात धरून बोट जेच्या उंचवट्यावर नेऊन ठेवलं. ते बोट बटणावरून घसरून बाजूच्या बटणावर गेलं. नवं बोट जसं जातं तसंच.

"उद्या आहे ना शुक्रवार," सबीना म्हणाली. "मला आताच असं कसं काय झालं, टीचर?"

परीक्षेची धास्ती, असं बाईंनी तिला सांगितलं. स्वतःलाही तेच सांगितलं. धास्तीने माणूस काहीही विसरतं, लग्नात नवरामुलगा स्वतःचं नाव विसरतो. पण धास्ती बसलेली बोटं घाई करतात, दोन बटणं एकदम दाबतात. विसरलेली बोटं कशी असतात हेही बाईंना माहीत होतं. ही बोटं विसरलेली नव्हती. त्यांना कधी काही येतच नसावं, अशी ती झाली होती.

६

सबीना चहाला गेली तशा बाई कोपऱ्यात गेल्या. हात पुढे करायला धीर होत नव्हता. त्यांनी खुर्चीकडे न जाता थेट मशीनच्या मागे हात घातला, पिन सापडली, आणि त्यांनी ती ओढून काढली.

स्पीकर सुरू झाला. वेग इतका होता की दुसऱ्या कुणालाही मोहरी तडतडल्यासारखीच वाटली असती. बाईंना शब्द अन् शब्द कळला.

"माझं नाव सबीना. मी कोलशेतला राहते. पप्पांची होडी हिरवी आहे, मला तो रंग आठवतो. आई गेली तेव्हा मी वर्गात होते."

हे सबीनाचं पहिलं पत्र होतं. या खोलीत बसून, स्पीकरवर, रडत रडत लिहिलेलं. तेव्हा ते ऐकणाऱ्या फक्त बाई होत्या. निदान त्यांना तसं वाटत होतं. हे आता त्याच्या बोटांत होतं, त्याच लयीत, जिथे सबीना थांबायची तिथेच थांबत. मग पत्र संपलं, आणि लिहिणं थांबलं नाही.

"उद्या मी शिकवणार आहे. सगळे माझं ऐकतील. टीचर मला शाब्बास म्हणतील."

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. त्यांना ओरडावंसं वाटलं आणि, खरं सांगायचं तर, त्या वेगाचं अजूनही कौतुक वाटलं. दोन्ही एकाच वेळी वाटत होतं, आणि त्याचीच त्यांना सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"ते तिचं आहे," त्या म्हणाल्या. "परत दे."

आवाज थांबला. खूप वेळाने, सावकाश, तो पुन्हा आला.

"स. ब. वेलांटी. न. काना."

नाव परत देत नव्हतं ते. आपलं नाव सांगत होतं. ज्याला एकच नाव मिळालं आहे, तो ते सोडून दुसरं काय सांगणार?

त्या रात्री बाईंनी अंथरुणावर पडून विचार केला. खोलीला कुलूप लावता आलं असतं, मशीन भंगारात देता आलं असतं. पण बोटं सबीनाची होती, ती मशीनबरोबर भंगारात गेली असती. आणि ज्याला मी शिकवलं त्याला कचऱ्यात टाकू? तसं त्यांनी आजवर कुणालाच टाकलं नव्हतं. जिना चढून आलेल्या प्रत्येकाला त्यांनी स्वतः जिना उतरवून दिला होता. याला कुणी चढवलं ते त्यांना माहीत नव्हतं, पण उतरवणं त्यांच्याच वाट्याला आलं होतं. पहाटे कधीतरी त्यांना झोप लागली, आणि ती चांगली लागली.

७

शुक्रवारी समितीचे लोक येऊन बसले. खुर्च्या सरकल्या, अत्तराचा वास आला, योगासनवाल्या गृहस्थांनी घसा खाकरला. सबीनाने मामांना दाराजवळच्या त्यांच्याच मशीनसमोर बसवलं होतं, शिकवून दाखवायला. स्पीकर चालू होता.

"मामा, एफवर बोट ठेवा," सबीना म्हणाली.

"कुठं गो, पोरी?"

तिने त्यांचं बोट धरलं आणि कीबोर्डवर फिरवू लागली. "आर. टी. जी." मशीन बोलत राहिलं. तिला एफ सापडत नव्हता. खोलीत कुणीतरी खुर्चीत चुळबुळलं. सबीनाचा श्वास बाईंना तिथवर ऐकू येत होता.

बाई उठल्या. भिंतीच्या कडेने कोपऱ्यात गेल्या आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. पाठ गरम होती, नुकतंच कुणी टेकून बसल्यासारखी.

"ऐक," त्या हळू म्हणाल्या. "तिचं नाव खाली ठेव. तुला नाव हवंय ना? माझं घे. माझं आता कुणालाच नको आहे. शीला."

काही झालं नाही. मागे सबीना "सॉरी, एक मिनिट" म्हणत होती.

"माझ्याकडे तिच्याहून जास्त आहे," बाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांची मान नेहमीसारखी वर झाली. "तिला मीच शिकवलंय. वेग हवा तर माझा घे. तिला मी कमी शाब्बास म्हणाले नाही, पण तुला तिच्याहून मोठं शाब्बास म्हणेन. लिही."

कोपऱ्यातला स्पीकर तडतडला. लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, सगळं एका दमात, इतक्या वेगाने की बाईंनाही कान टवकारावे लागले.

"हे काय, बिघडलंय का?" योगासनवाले गृहस्थ म्हणाले.

बाईंनी त्यांना उत्तर दिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. त्या ऐकत होत्या. "श. वेलांटी. ल. काना." एकदा. पुन्हा. पुन्हा.

"शाब्बास," बाई म्हणाल्या. "हा शेवटचा धडा. ऊठ. माझा हात कोपराच्या वर धरायचा, हलका. अर्धं पाऊल मागे राहायचं. मी वळले की वळायचं."

त्यांनी डावा हात किंचित मागे काढून धरला. दुसऱ्याचा हात धरून चालायचा हा धडा त्यांनी वर्षानुवर्षं या खोलीत इतरांना दिला होता, आणि कोपऱ्यातल्याने तो तेव्हाच ऐकलेला असणार. कारण त्यांच्या कोपराच्या वर बोटं आली, चार एका बाजूला, अंगठा दुसऱ्या बाजूला, ना ढिली, ना आवळलेली. नव्या माणसाची पकड घट्ट असते, घाबरलेल्याची ओढते. ही पकड अगदी बरोबर होती.

त्या चालू लागल्या. बोटं अर्धं पाऊल मागे राहून आली. दाराजवळ मामांनी पाय आत घेतले, एकदा बाईंसाठी, आणि मग पुन्हा एकदा.

"बाय, संगतीन कोन हाय?"

"माझी विद्यार्थिनी," शीलाबाई म्हणाल्या.

जिन्याच्या पहिल्या पायरीवर त्या थांबल्या आणि "पायरी आहे" म्हणाल्या. तेवढ्यात खोलीतून आवाज आला. आधी एक खटका, मग दोन, मग एकदम तो जुना खळखळाट, अडलेलं पाणी वाट फुटल्यावर सुटावं तसा. त्यामागून सबीनाचा आवाज आला, स्वच्छ, थोडा रडवेला, थोडा हुकमी. "असं नाय, मामा. मनगट टेकवायचं नाय. घाई कुणाला आहे?"

बाईंचे डोळे भरून आले. दंडावरची बोटंही क्षणभर थांबून ऐकत होती, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी पुढची पायरी घेतली आणि बोटांनीही घेतली.

बाईंचं घर दोन गल्ल्या सोडून, तळमजल्यावर. वाटेत पापड वाळत घातलेल्या अंगणांचा वास आला, रिक्षा गेल्या, कुणीतरी "काय बाई, आज लवकर?" असं विचारलं आणि पुढे गेलं. त्याने बाजूला कोण आहे ते विचारलं नाही. गल्लीच्या वळणावर पर्समधला फोन बोलू लागला. बातमी असणार, सबीनाची, समितीची. बाईंनी तो कानाशी धरला. त्यांच्याच नेहमीच्या वेगाने तो बोलत राहिला, आणि त्यांना एक शब्दही कळला नाही. नुसती मोहरी तडतडत होती.

त्या थोडा वेळ फोन धरून उभ्या राहिल्या. मग त्यांना हसू आलं. त्यांनी फोन मागे, खांद्याच्या उंचीवर धरला, एका कानाला लागेल असा. त्यांच्या मागे, अर्ध्या पावलावर, कुणीतरी शेवटपर्यंत ऐकलं, आणि दंडावरची बोटं आनंदाने किंचित दाबली गेली.

"निवड झाली ना तिची?" बाईंनी विचारलं. बोटं पुन्हा दाबली गेली. "होणारच होती. दोघीही माझ्याच."

दाराशी आल्यावर त्यांनी किल्ली काढली. कुलपाचं भोक सापडायला त्यांना आज वेळ लागला. दार उघडलं, आतून बंद घराची ऊब आली. त्यांनी मान वर केली, आत पाऊल टाकलं आणि मागे न वळता, वर्गात सांगायच्या तशाच आवाजात म्हणाल्या, "उंबरा आहे. पाय उचल."